ऑर्डर म्हणजे रांग

यंदा परत धुराडं थंड आहे. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि कारखान्याच्या धुराड्यावर घारी बसून आहेत. चालू धुराड्याजवळ घार फिरकत नाही. त्यामुळं हंगाम आहे का नाही हे मला कुणाला विचारावं लागत नाही, ओट्यावर बसून मान वर केली की कळतं. घार बसली, हंगाम नाही. विमल असती तर म्हणाली असती, "बसू द्या की. तिला तरी कारखान्यात जागा मिळाली."

विमल माझी बायको. आषाढात गेली. तेराव्याला माणसं जेवली, हात पुसले आणि म्हणाली, सुटली बिचारी. मी विचारलं, कशातून? माझ्यातून सुटली असं त्यांना म्हणायचं होतं, पण पोटात माझा भात होता.

मी चौथी शिकलेला. कारखान्यात गव्हाणीवर होतो, म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या टाकतात आणि पट्टा त्यांना आत ओढून नेतो तिथं. विमल बारावी झालेली, वर अंबाजोगाईला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि त्याच कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला. लोक मला विचारायचे, "बे, तू हिच्यासंगं बोलतो तरी काय?" मी सांगायचो, ती बोलती, मी ऐकतो. ते खरंच होतं. आता जे लिहितोय ते सगळं ऐकलेलं आहे. कुठं चुकलं तर विचारून घ्यायची सोय राहिली नाही.

दुष्काळाला वास असतो. पावसाळ्याच्या वासावर लोक लई लिहितात, दुष्काळाच्या वासावर कुणी लिहीत नाही. विमल त्या खोलीत कामाला असताना असाच एक दुष्काळ पडला होता, त्या साली गावात तीन वास होते. एक उसाच्या वाळल्या पानांचा, पाचटाचा, कोरडा, नाकात खुपणारा. दुसरा जनावरांच्या छावणीतल्या शेणाचा. आणि तिसरा त्या कॉम्प्युटरच्या खोलीचा, थंड, प्लास्टिकसारखा. सगळ्या कारखान्यात एसी तेवढ्या एका खोलीत. माणसांसाठी नव्हता, डब्यासाठी होता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम. देवळात काढत नसतील एवढ्या भक्तीनं लोक तिथं चपला काढायचे, आणि काही काम नसताना आत येऊन बसायचे. बाहेर माणूस भाजून निघायचा, आणि आत डबा गारव्यात.

माझी पाळी सुटली की मीही तिथं जाऊन स्टुलावर बसायचो. बाईमाणूस एकटं बसलं की आपल्याकडं लोकांची तोंडं चालू होतात, म्हणून. हातापायाला मळी चिकटलेली असायची. विमल म्हणायची, "कशालाबी हात लावू नका." मी मांडीवर हात ठेवून बसायचो, फोटो काढायला बसल्यासारखा.

त्या खोलीतून तोडणीच्या चिठ्ठ्या निघायच्या. ज्यानं ऊस आधी लावला त्याचा आधी तोडायचा, हा सहकाराचा नियम. सगळ्या सभासदांच्या लागणीच्या तारखा त्या मशिनमध्ये, त्यातून मशीन क्रम लावायचं आणि चिठ्ठी छापायचं. चिठ्ठी निघाली की तोडणीची टोळी त्या फडात. चिठ्ठी नाही तर ऊस उभा, मग तो वाळो नाहीतर जळो. बरं पाणी असलेल्या साली दोन आठवडे इकडंतिकडं चालतं. त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता. ऊस रोज हलका होत होता. हातात घेतला की बांबू धरल्यासारखा वाटायचा.

आणि नेमकं हंगामाच्या तोंडाला जुनं मशीन जळालं. लाईट कमीजास्त होत होती, एक दिवस धूर आला आणि संपलं. नवं मशीन आणलं, पण ते दुसऱ्या कंपनीचं. जुना प्रोग्राम त्यात तसाच चालेना. तो नव्यानं बांधून घ्यायचा होता. प्रोग्राम ज्यानं लिहिला तो इंजिनिअर पुण्याचा, तो आधीच पैसे घेऊन मोकळा झालेला. राहिली विमल.

तिनं मला समजावलेलं असं. प्रोग्राम म्हणजे एक वस्तू नसते. इंजिनिअरनं त्याची गाठोडी केलेली. तारखांचं एक गाठोडं, वजनाचं एक, छपाईचं एक. या गाठोड्यांना लायब्ररी म्हणतात. लायब्ररी म्हटलं की मला ग्रामपंचायतीचं कुलूप लावलेलं वाचनालयच आठवायचं. आणि यांच्यावर एक मुख्य प्रोग्राम, जो स्वतः काही करत नाही, नुसता मागतो. तारीख दे, वजन दे, छाप. चेअरमनसारखा. ही सगळी गाठोडी त्याला जोडून देणारं मशिनमध्ये एक काम असतं, त्याचं इंग्रजी नाव लिंकर. विमल त्याला जोडारी म्हणायची. आमच्या वर्कशॉपमध्ये पाईपाला पाईप जोडणारे जोडारी होते, दारू पिऊन यायचे पण काम चोख. हा जोडारी दारू पीत नव्हता, पण ऐकत नव्हता. विमल बटण दाबायची आणि पडद्यावर नावांची रांग सरसर वर जायची. प्रत्येक नावापुढं एकच शब्द, अनडिफाइन्ड.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे हे कोण हाय ते मला ठाव न्हाई, म्हणतोय."

"मग सांग की त्याला."

"सांगितलंय. तारखेच्या गाठोड्यात हाय हे नाव. समोर ठिवलंय त्याच्या. तरी म्हणतोय न्हाई."

मग तिनं मला दोन अक्षरं दाखवली. गाठोडं उघडून बघायची एक युक्ती होती, त्यात प्रत्येक नावाच्या अलीकडं एक अक्षर यायचं. यू असलं तर तो मागणारा, त्याच्याकडं ते नाही. टी असलं तर त्याच्याकडं आहे, तो देणारा. मुख्य प्रोग्रामात सगळे यू. गाठोड्यांत टी. म्हणजे मागणारा आहे, देणारा आहे, दोघं एका खोलीत आहेत, आणि मधला जोडारी म्हणतोय तुमची गाठ पडणार नाही. "कावून, पण? कावून?" असं विमल त्या पडद्याला विचारायची. बाई पडद्याशी भांडते म्हणून खोलीत गार व्हायला आलेली माणसं हसायची.

तिनं पुण्याला फोन लावला. तेव्हा हापिसात फोन एकच, साहेबाच्या टेबलावर. इंजिनिअरनं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "ऑर्डर चुकली असणार ताई, ऑर्डर बघा," आणि फोन कटला. परत लागला नाही.

आता बघा. सहकारी कारखान्यात ऑर्डर या शब्दाचा एकच अर्थ. चेअरमनची सही आणि गोल शिक्का. खिळा आणायचा तर ऑर्डर, बदलीची ऑर्डर, निलंबनाची ऑर्डर. मयत झालेल्या कामगाराच्या बायकोला भेटायला जायचं तरी ऑर्डर. बाजूला बसलेले सुपरिंटेंडेंट कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो बाई, नवं मशीन आलं पण प्रोग्राम चालू करायची ऑर्डर काढलीच न्हाई की! जुन्या मशिनच्या नावानं हाय ती!" विमललाही पटलं. तिचा काय दोष. इंजिनिअर म्हणतोय ऑर्डर चुकली, हापिस म्हणतंय ऑर्डर नाही, दोन्ही बरोबर जुळलं. अर्ज टाईप झाला, चेअरमनच्या टेबलावर गेला.

आणि तिथं बसला. चेअरमन मुंबईला गेले, मग गेवराईला कुणाच्या लग्नाला गेले, मग आले आणि नुसते बसले. त्यांना घाई कशाची? मशीन बंद तोवर चिठ्ठ्या हातानं लिहायच्या, आणि हात त्यांच्या माणसाचा. त्या साली टोळ्या बहुतेक आधीच पश्चिमेकडं आणि कर्नाटकात गेलेल्या. आपल्या जिल्ह्याची माणसं जगाचा ऊस तोडतात, घरचा ऊस तोडायला कुणी उरत नाही. आमच्या भागात दोनच टोळ्या राहिल्या होत्या, आणि दोन्ही चेअरमनच्या पाहुण्यांच्या फडात.

विमलचे वडील युसूफ वडगाव या गावाच्या अलीकडं राहायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा ऊस मळ्यात उभा, आणि लागण सगळ्यांच्या आधीची. तारखेनं बघितलं तर पहिल्या झटक्यात त्यांची चिठ्ठी. एक दिवस ते घरी आले. बसले नाहीत. हातात उसाचं पान होतं, ते मुठीत चोळलं आणि माझ्या सारवलेल्या जमिनीवर भुगा टाकला.

"बघ तुझ्या बापाचा ऊस."

विमल म्हणाली, "आबा, मशीन चालू झालं की तुमचं नाव वरच येतंय. मी बघितलंय."

"मशीन! अगं, चेअरमनला एक शब्द टाक. नमस्कार कर, वाकली तर काय कंबर मोडंल तुझी?"

"कुणाच्या पाया पडायची गरजच न्हाई. तुमचा नंबर हाय. हक्काचा हाय."

"आन ते चालू कधी व्हायचं?"

"ऑर्डर आली की."

मामा माझ्याकडं वळले. "जावईबापू, तुमी तरी सांगा हिला. पोटी लेकरू न्हाई, निदान बापाचं तरी बघ म्हणावं."

आमच्या घरात लेकरू हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता. विमलनं केरसुणी घेतली आणि भुगा भरला. भरताना एकदाही वर बघितलं नाही. मामा गेले. मी म्हणालो, म्हातारा कडू आहे. ती म्हणाली, "ऊस वाळला की मानूस कडूच होतं. तुमी बसा गप."

शेवटी ऑर्डर आली. चेअरमन स्वतः घेऊन आले, मागं पाचसहा माणसं. चपला काढल्या, खुर्चीत बसले, पाय माझ्या स्टुलावर ठेवले. मी उभा राहिलो. "घ्या बाई, ऑर्डर. दाखवा तुमच्या मशिनला. वाचता येती का त्याला?" माणसं हसली. विमलनं तो कागद घेतला, खरंच मशिनशेजारी ठेवला, आणि बटण दाबलं. नावांची रांग सरसर वर. अनडिफाइन्ड, अनडिफाइन्ड. चेअरमन म्हणाले, "आमची सही वळखंना वाटतं. दुष्काळ हाय बाई, मशिनला बी पानी लागत आसंल." आता तर खोली हसण्यानं हलली. कारखान्यात एवढा आनंद मी साखर वाटपाच्या दिवशीही बघितला नव्हता.

विमल रडली नाही. मला वाटत होतं रडावी, म्हणजे ती माणसं तरी उठतील. ती पडद्याकडं बघत राहिली, ते कंटाळून उठेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कॉलनीत टँकर आला. आमचा टँकरवाला गल्लीत वरून शिरायचा, खालून निघायचा. कधी मागं यायचा नाही, रिव्हर्स टाकायचा नाही. समोर घागर मांडलेली दिसली की नळी सोडायचा, नाही दिसली की पुढं. त्या दिवशी आमच्या शेजारची बाई घागर घेऊन धावत आली, तर टँकर दोन घरं पुढं. ती ओरडतेय, "अवो दादा, आमाला न्हाई मिळालं!" तो मान न वळवता म्हणाला, "मी आलो तवा घागर कुठं होती? आधी मांडायची, मग मागायचं." आणि खरं सांगायचं तर टाकीत पाणी होतं. मागं हिंदकळत होतं. आम्ही सगळे ते ऐकत होतो.

विमलची घागर भरलेली, ती डोक्यावर घ्यायच्या बेतात होती. तिनं ती तशीच खाली ठेवली. पाणी सांडलं. त्या साली पाणी सांडणं म्हणजे रक्त सांडण्यासारखं, बायका ओरडल्या. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, ऑर्डर म्हणजे रांग!"

"काय?"

"ऑर्डर म्हणजे सही न्हाई. रांग. कोण आधी, कोण मागं. आमी गाठोडी आधी मांडली आन मागणारा मागून. जोडारी सरळ जातो, मागं वळत न्हाई. गाठोड्यापशी आला तवा मागणारंच कुणी नव्हतं, म्हणून ते न उघडता पुढं गेला. मग मागणारा आला, तर देणारा मागं राहिलेला."

अनवाणी गेली ती कारखान्यात. मी घागर घरात ठेवून मागं. जुनं मशीन लाडावलेलं, ते कुठूनही जुळवून घ्यायचं, म्हणून जोडारीला नावं द्यायच्या ओळीकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. हिनं मुख्य प्रोग्रामाचं नाव ओळीत आधी लिहिलं, गाठोडी मागून. बटण दाबलं. नावं कमी झाली, पण दोन उरली. तिनं गाठोडी उघडून यू आणि टी बघितले. तारखांचं गाठोडं वजनाकडं काही मागत होतं, आणि वजनाचं तारखांकडं. दोघं एकमेकांच्या ओसरीला मागणारे, मग कोणाला आधी उभं करायचं? तिनं तारखांचं नाव दोनदा लिहिलं. एकदा वजनाच्या आधी, एकदा मागून. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," ती म्हणाली. बटण दाबलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही. जोडारी खूश असला की बोलत नाही. माझ्या घराण्यातले पुरुष असेच.

मग प्रिंटर चिरकायला लागला. चिठ्ठ्यांची पट्टी बाहेर आली आणि सगळ्यात वरची मामांची. तारखेनं. हक्कानं. कुणाच्याही पाया न पडता.

सायकलवर मागं विमल, तिच्या मुठीत चिठ्ठी. दुपारचं ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. आम्ही आधी त्या दोन टोळ्यांच्या मुक्कामाकडं गेलो, टोळीच्या मुकादमालाच चिठ्ठी दाखवावी म्हणून. जिथं त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या होत्या तिथं नुसती जागा. चुलीची दगडं, दगडांत राख. राख अजून मऊ होती. एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता, तो म्हणाला, "गेले की. चेअरमनच्या पाव्हण्याचा फड सपला, आन रातीच कर्नाटकात गेले."

विमलनं चिठ्ठीकडं बघितलं. चिठ्ठीत काही चूक नव्हती.

मामांच्या अंगणात गेलो. तिनं चिठ्ठी पुढं केली. मामांना वाचता येत होतं, तरी वाचली नाही. म्हणाले, "तुझी मशिन येती का कोयता घिऊन? मग ही चिठ्ठी छावणीत नेऊन दे. ऊस तिकडंच चाललाय, जनावरास्नी तरी कळू दे त्येंचा नंबर लागला." सासूबाईंनी चहा केला. मामा आतल्या अंगाला ओरडले, "हिच्या कपात साखर टाकू नको गं! साखर हिच्या कारखान्याची हाय. हिला तिची किंमत ठाव न्हाई."

सासूबाईंनी खरंच टाकली नाही. नवऱ्याला भ्यायच्या त्या. विमलनं तो चहा सगळा प्याला, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "येते आबा." त्यानंतर ते मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. तिरडीवर होते तेव्हा हिला बघायला मिळाले, तेही लांबून.

प्रोग्राम मात्र पुढं कित्येक हंगाम चालला. चेअरमनही शहाणे झाले. ते म्हणायचे, वा, मशीन म्हणजे न्याय! लागणीच्या तारखा विमलकडं यायच्या आधीच वरच्या टेबलावर बदलून यायच्या. मशीन रांग पाळायचं, एक नाव इकडचं तिकडं करायचं नाही. रांगेत पुढं कुणाला उभं करायचं ते चेअरमन ठरवायचे. एकदा विमलनं आवाज केला, तर तिची बदली साखरेच्या गोदामात पोती मोजायला झाली. तिथंही ऑर्डर आली होती, सहीची आणि शिक्क्याची. या वेळी अर्थ चुकायला जागा नव्हती.

घरात मात्र ती दोन अक्षरं राहिली. मी आत येऊन ओरडायचो, "टॉवेल कुठं हाय? चष्मा कुठं हाय? बिडीचं बंडल?" आणि ती चुलीपाशी न वळता म्हणायची, "आला बघा यू. सगळ्या बाजूनं यू हाय ह्यो मानूस, एक टी सापडत न्हाई ह्याच्यात." मी म्हणायचो, तू हायस की टी. ती म्हणायची, "हाय तवर हाय." चहा ती बिनसाखरेचाच प्यायची, शेवटपर्यंत. एकदा मी तिच्या नकळत माझा कप तिच्यापुढं सरकवला तर एका घोटात ओळखलं आणि मोरीत ओतून दिला. त्यामुळं घरात साखर फक्त माझ्यासाठी यायची, चहात टाकायची विमलच, म्हणून ती कुठल्या डब्यात असते हे मला माहीत असायचं कारणच नव्हतं. आषाढापासून मी सगळे डबे उघडून बघितले. एकात हळद, एकात खडेमीठ, एकात सुया आणि बटणं. साखरेच्या कारखान्यात जन्म गेला आणि माझ्या घरातली साखर मला सापडत नाही. मोठ्यानं विचारतो. सवय आहे. "विमल, साखर कुठं हाय?" भिंतीवर आवाज आपटतो. अनडिफाइन्ड.

देणारी आधी निघून गेली, मागणारा मागं राहिला. तिनंच सांगितलेली चूक ही, अगदी हीच. दुरुस्ती पण तिनंच सांगितलेली, नाव दोनदा लिहायचं. मशिनच्या ओळीत लिहिता येतं.

यंदा कॉलनीत परत टँकर चालू झालाय. वरून शिरतो, खालून निघतो. ड्रायव्हर नवा आहे, पण मान त्याचीही मागं वळत नाही. पहिल्या दिवशी मी दोन घागरी घेऊन गेलो आणि ओट्यासमोर मांडल्या, आधी तिची, मग माझी, वर्षानुवर्षं मांडायचो तशा. समोरच्या घरची सून म्हणाली, "काका, आता माणशी एक ठरलीय. काकूंची घागर उचला की. रांगेत मेल्या माणसाचा नंबर लावता का?" बाकीच्या बायकांनी तिला गप केलं नाही. खरंच बोलली होती ती.

मी तिची घागर उचलली. घरात नेली नाही. माझ्या घागरीच्या मागं ठेवली. आधी मागणारा, मग देणारी. या घरात पहिल्यांदाच रांग बरोबर लागली.

टँकर आला. माझी घागर भरली. नळी तिच्या घागरीवरून पुढं गेली, थेंबही पडला नाही, आणि गाडी खालच्या अंगानं निघून गेली.